छोट्या दारावरचं दावं

९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. रागावू नकोस. फोनवर माणसं आधी कशी आहेस म्हणून विचारतात आणि मला त्याचं उत्तर येत नाही. पत्रात निदान विचार करायला वेळ मिळतो. शिवाय तुझं अक्षर ज्याला लागतं असं एकच माणूस या जगात आहे, आणि ते म्हणजे मी. तेव्हा तूही पत्रच लिही.

यांना जाऊन आज पाच आठवडे झाले. मी ठीक आहे असं लोक म्हणतात. जेवते, झोपते, दुकानात जाऊन येते. मला रडू येत नाही, याची माझ्यापेक्षा शेजारणीलाच जास्त काळजी लागली आहे. काल यांचे सहा शर्ट इस्त्री केले, बाह्यांच्या घड्यांसकट, आणि कपाटात लावले. मग लक्षात आलं. तरी सातवा घेतलाच.

पागेचे मालक येऊन गेले. बराच वेळ घोडीबद्दल बोलले, ती किती गुणी होती वगैरे. मग अपघाताचा कागद दिला. त्यात लिहिलंय की घोडी आत बांधलेली असताना मोतद्दाराने, म्हणजे यांनी, ट्रेलरची मागची आडवी दांडी काढली, त्यामुळे हे झालं. बाकी तारीख, वेळ आणि सह्या. मी तो वाचला आणि विजेच्या बिलांत ठेवून दिला.

चिमी परत घोडेस्वारीच्या शाळेत जाऊ लागली आहे. पुढच्या वर्षी शिकवण्याचं प्रमाणपत्र मिळेल. एवढी घोडी झाली तरी डबा मलाच भरावा लागतो, असं म्हणायला गेले आणि शब्द तोंडातच राहिला.

एक विचारायचं होतं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी हे थोडा वेळ शुद्धीवर होते. दावं दिसलं होतं, दावं दिसलं होतं, असं तीन-चारदा म्हणाले. नर्स म्हणाली, तापात असं बोलतात. पण तुम्हा दोघांच्या कामातलं काही असेल तर कळव. अपघाताच्या वेळी तू तिथेच होतास.

वहिनीला आशीर्वाद. तुझ्या ताईवरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस, सध्या तेवढाच पुरतो.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारण ट्रेलर खोलून बसलो होतो. खालचा रबर पूर्ण उचलला. वरून रोज धुतो, पण मूत झिरपून खालच्या फळ्या कुजतात आणि वरून काही कळत नाही. पेचकस घेऊन एकेक फळी टोचून पाहिली. चाकाजवळच्या दोन मऊ लागल्या, त्या बदलल्या. टायरची नक्षी अजून चांगली होती, पण कडेला भेगा होत्या, म्हणून चारही नवे घातले. दिवे तपासले, जोडणीची साखळी तपासली. सगळं झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासलं. बायको म्हणते, एवढी निगा माझी कधी राखली नाहीस. तेव्हापासून एकही घोडा नेलेला नाही. लोक फोन करतात, मी गाडी दुरुस्तीला आहे म्हणून सांगतो.

तू दाव्याचं विचारलंस. आपल्या आप्पांचा नियम तुला माहीत आहे. घोड्यांजवळ ओरडायचं नाही. उतरवताना पुढच्या माणसाने ट्रेलरच्या पुढच्या बाजूच्या छोट्या दारातून हात घालून घोडा सोडायचा आणि दाव्याचं टोक दाराबाहेर टाकायचं. मागच्या माणसाने ते बघायचं आणि मगच दांडी काढायची. कारण दांडी निघाली की घोडा मागे सरतो, आणि तो बांधलेला असला तर मान अडकून वेडापिसा होतो. मी ट्रेलर घेऊन आलो की भावोजी मागे उभे राहणार आणि मी पुढे, असं सतरा वर्षं चाललं.

त्या दिवशी मी आधी मालकांच्या सहीसाठी गेलो होतो. घोडी सोडलेलीच नव्हती. मग दावं दिसणार कसं? तापात माणूस जुनंच काहीतरी बोलत असेल. तू त्याचा विचार करू नकोस.

तब्येतीला जप. चिमीला म्हणावं, मामाकडे चार दिवस ये. धाकट्याला सांभाळून घेत आलीस, तसंच पुढेही घे.

तुझा,
बारक्या

१२ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे टायर नवे झाले हे वाचून बरं वाटलं. मला आता अशाच गोष्टींनी बरं वाटतं.

चिमीचं लिहिते. गेल्या सोमवारी शाळेत घोड्यांच्या वाहतुकीचा वर्ग होता. शिकवणारे नवीन आहेत, त्यांना तिचं कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी फळ्यावर खडूने ट्रेलर काढला, आत घोडा काढला आणि मागे एक माणूस. म्हणाले की याच भागातली दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट आहे, मोतद्दाराने घाई केली आणि घोडी सोडायच्या आधी दांडी काढली. एका मुलाने विचारलं की तो माणूस नवखा होता का. ते म्हणाले, छे, चांगला मुरलेला होता, आणि असेच लोक बेफिकीर होतात. मग सगळ्यांना लिहून घ्यायला सांगितलं.

आपल्या चिमीनेही लिहून घेतलं. घरी येऊन वही माझ्यापुढे ठेवली. सुंदर अक्षरात लिहिलंय: अनुभवी माणूस, घाई, दांडी आधी. खाली दोन रेघा ओढल्या आहेत, कारण त्यांनी ओढायला सांगितल्या. ती आता शाळेत जात नाही. औषधाच्या दुकानात जागा आहे म्हणते, तिथे कोणी फळ्यावर चित्रं काढत नाही. मी तिला थांबवलं नाही. काय सांगून थांबवू?

बारक्या, हे आणि घाई! बुटाच्या नाड्या बांधायला ज्यांना पाव तास लागायचा, ते हे. सिनेमाला निघालो की सुरुवात आम्ही कधी पाहिलीच नाही. तू त्यांना कासवराव म्हणायचास आणि ते हसायचे. पण कागदावर छापलंय, शाळेत शिकवतात, तू म्हणतोस दावं नव्हतंच. सगळे खोटं कशाला बोलतील? मग मी ते खरं मानलं. मानलं तेव्हापासून मी त्यांच्यावर चिडले आहे. भांडी घासताना रोज त्यांच्याशी भांडते. दोन मिनिटं थांबता आलं नाही का तुम्हाला, म्हणते, आमचा जराही विचार केला नाही का. बेफिकीर म्हणते, आणखी काय काय म्हणते. दुसरं काहीच वाटत नाही मला, ही चीड तेवढी जिवंत आहे.

तू तिथे होतास. ते घाईत होते का? हो किंवा नाही, एवढंच लिही. हो असेल तर मी गिळीन. पण चिमी कुणाची मुलगी आहे, हे तिला नक्की कळायला हवं.

लोभ तर आहेच, आता जरा उत्तरही असू दे.

तुझी,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही. ते घाईत नव्हते.

एवढंच लिहून पाकीट चिकटवलं होतं. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो आणि फोडलं.

त्या दिवशी दोन घोड्या आणायच्या होत्या. दुसरी चढलीच नाही. तासभर चढायच्या फळीवर पाय ठेवेना, शेवटी तिला तिथेच सोडून एकीला घेऊन निघालो. दुसरीचं दावं चिखलात पडून भिजलं होतं. वाळेल म्हणून मी ते छोट्या दाराच्या कडीला गाठ मारून बाहेर लटकावलं. या कामातल्या तीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. निघताना वाटलं, पोचल्यावर काढू.

पोचलो तेव्हा भावोजी वाट बघत उभे होते. मला हात केला आणि नेहमीच्या जागी मागे गेले. मालकांची गाडी दारात सुरू होती, ते निघणार होते, म्हणून मी आधी सहीसाठी धावलो. मागे उभं राहिलं की पुढचा माणूस दिसत नाही, म्हणूनच तर आप्पांनी दाव्याचा नियम केला. भावोजींना वाटलं मी पुढे आहे. घाई माझी होती, ताई.

मालकांच्या खोलीच्या खिडकीतून मला ते दिसत होते. त्यांनी मागची फळी हळूच खाली टेकवली. मग दांडीला हात न लावता थांबले. चांगले थांबले. बाजूला वाकून छोट्या दाराकडे बघितलं. तिथे दावं लोंबत होतं. मग त्यांनी दांडी काढली. ते काय बघत आहेत हे मला कळायला हवं होतं. मी सही कुठे करायची ते दाखवत होतो.

घोडी मागे सरली, मान अडकली, ती उसळली. आतली कडी उपटली आणि ती पाठीवर पडत फळीवरून खाली, त्यांच्या अंगावर आली. पुढचं तुला माहीत आहे.

माहीत नाही ते लिहितो. सगळे धावले, मीही धावलो. पण त्यांच्यापाशी जायच्या आधी मी छोट्या दाराशी गेलो, ते दावं सोडलं आणि गाडीच्या सीटखाली कोंबलं. गाठ ओली होती, सुटायला वेळ लागला. तेवढा वेळ ते खाली पडले होते आणि मी गाठ सोडत होतो.

नंतर अपघाताच्या कागदासाठी विचारायला आले तेव्हा सांगितलं की घोडी बांधलेली होती आणि दांडी निघाली. त्यात खोटा शब्द एकही नव्हता. पुढचं कोणी विचारलं नाही. तू विचारलंस, तेव्हा तुला तापाचं सांगितलं. ते मात्र खोटं होतं, आणि ते मी तुला सांगितलं.

मला काही वाटत नाही. वाटायला हवं हे कळतं, पण ते येत नाही. सकाळी उठतो आणि फळ्या टोचत बसतो.

कुठल्या तोंडाने लोभ मागू? पाया पडतो.

बारक्या

२ एप्रिल

बारक्या,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही. विसरले नाही.

तुझं पत्र चिमीला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं तिने. मग उठून कपबश्या विसळल्या, हात पुसले आणि पत्र मागितलं. ते घेऊन ती पागेच्या मालकांकडे गेली आणि तिथून शाळेत. मी नेऊ दिलं. तू ते मला लिहिलं होतंस, पण आता ते तिचं आहे. मालक म्हणाले, कागद दुरुस्त करायचा तर तू स्वतः येऊन सांगायला हवं. शिकवणाऱ्यांनी पत्र उभ्यानेच वाचून काढलं, असं चिमी म्हणाली. मग त्यांनी शनिवारी सकाळी दहाला सगळ्या मुलांना पुन्हा बोलावलं.

तू ट्रेलर घेऊन यायचंस. ते दावंही आण. मला जे लिहिलंस ते तीस मुलांसमोर उभं राहून सांग, गाठीचंही सांग. हे कुठे थांबले, किती वेळ थांबले, कुठे बघितलं, ते तूच दाखवायचंस, कारण दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही. मागे त्यांच्या जागी चिमी उभी राहणार आहे. मी नको म्हणाले, तिने ऐकलं नाही. औषधाच्या दुकानात तिने नाही म्हणून कळवलं आहे. वहिनीला आधी तू सांग, बाहेरून कळू देऊ नकोस.

मी येईन, पण तुझ्याशी बोलेन असं समजू नकोस.

तुला माफ केलं का, हे तुझ्या मनात असणार. तिथपर्यंत मी अजून पोचलेच नाही, कारण मधे हे आहेत. ज्या माणसाने मरायच्या आधी एकच गोष्ट सांगितली, आणि तीही खरी, त्याचं बोलणं मी तापातलं ठरवलं आणि त्याला घाईखोर, बेफिकीर म्हणून रोज बोल लावले. काल त्यांच्या खुर्चीसमोर बसले आणि त्यांची माफी मागितली. मोठ्याने, नाव घेऊन. चिमी शेजारी होती. मग रडू आलं, ते आवरेना.

माझी माफी मागून झाली. शनिवारी तुझी पाळी. लोभाचं त्यानंतर बघू.

ताई