मामींना उमरेडला का पोहोचवता आलं नाही

चि. श्रावण यास,

कोराडी रोडवरून बाबारावचे आशीर्वाद. आम्ही तिघंही शाबूत आहोत. (खुशाल असं लिहिणार होतो, पण सोमवारपासून तो शब्द लिहायची हिंमत होत नाही.) चंद्रकलेची कंबर कशी आहे? वैभवची परीक्षा आटोपली असेल. पेपर कसे गेले ते त्याला इतक्यात विचारू नकोस. पत्र बघून दचकू नकोस. फोनच केला असता, पण आमच्याकडे फोन स्पीकरवर चालतो आणि मामींचे (म्हणजे तुझ्या मातोश्रींचे) कान फार तिखट आहेत. शिवाय एवढं सगळं सांगायला लागलो तर गिऱ्हाईक आलं म्हणून तू मधेच ठेवून देशील.

सोमवारी सकाळी मामींना गाडीने उमरेडला आणून सोडतो असा मी तुला शब्द दिला होता. तो का पाळला गेला नाही, त्याची ही हकीकत आहे. आमच्या गॅरेजला दुकानाचं शटर आहे हे तू पाहिलंच आहेस. घर बांधताना मी विचार केला, आज गाडी ठेवू, उद्या कोणी गाळा म्हणून भाड्याने घेतलं तर बरंच. भाडेकरूला घरातून वावरायची सोय नको म्हणून गॅरेजमधून घरात येणारं दारही मीच विटा लावून बुजवलं. बारा वर्षांत भाडेकरू एकही आला नाही. (एक कुरमुरेवाला चौकशी करून गेला होता, पण त्याला कळमन्याजवळ हवं होतं.) दार मात्र बुजलेलंच राहिलं, आणि सोमवारी त्या विटांकडे बघत मी स्वतःला काय काय म्हणालो ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

महिनाभर शटर कुरकुर करत होतं. मामींनी पहिल्या आठवड्यातच तुझ्या बहिणीला, वंदनेला, सांगितलं होतं की जावईबापूंना सांग, वर गुंडाळताना ताण एकाच बाजूने येतो आहे, हे तुटणार. चाळीस वर्षं मागावर बसलेली बाई, ताण कुठे येतो हे तिला आवाजावरून कळतं. मला वाटलं, साडीच्या सुतातलं शहाणपण लोखंडाला कशाला लागू होईल. मी कोराडीच्या वीज केंद्रात तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस! तेव्हा मी माझ्या अनुभवाच्या जोरावर शटरला खोबरेल तेल लावलं.

तर सोमवारी नऊ वाजता ऊन चढायच्या आत निघायचं म्हणून मी मामींची पेटी डिकीत टाकली. मामी मागच्या सीटवर पदर सावरून बसल्या. वंदना तुमच्यासाठी काहीबाही आणायला जरीपटक्याला गेली होती. उन्हाची तिरीप मामींच्या तोंडावर येत होती, म्हणून मी आतून शटर अर्धं खाली ओढलं आणि टायरमधली हवा बघायला वाकलो. तेवढ्यात असा आवाज झाला की मला वाटलं, कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर गेला. मी गाडीखाली डोकं घातलं. (डोकंच गेलं, बाकी शरीर बाहेर राहिलं.) पाठोपाठ सगळं शटर खडखडत जमिनीवर आदळलं आणि अंधार झाला. स्प्रिंग तुटली होती. मी उचलायला गेलो तर ते बोटभरही हललं नाही. श्रावण, ज्या शटरला मी बारा वर्षं एका हाताने वर ढकलत आलो, ते इतकं जड असेल याची मला कल्पनाच नव्हती. त्या स्प्रिंगने इतकी वर्षं गुपचूप काय वाहून धरलं होतं ते ती तुटल्यावर कळलं. फोन वर चार्जिंगला, घरात कोणी नाही, शटर आतून बडवलं तर रस्त्यावरून कोळशाचे ट्रक चाललेले.

आता एक गोष्ट लक्षात घे. एकतीस वर्षांत मामी माझ्याशी सरळ एक शब्द बोललेल्या नाहीत. डोक्यावर पदर, नजर भिंतीकडे, आणि जावयाला निरोप वंदनेमार्फत. मी समोर जेवत असलो तरी जावईबापूंना विचार, भाजी घेता का, असं त्या वंदनेला म्हणतात. मी वंदनेला उत्तर देतो, ती मामींना सांगते, तोवर भाजी गार होते. आणि आता गॅरेजमध्ये आम्ही दोघंच! निरोप न्यायला तिसरं माणूस नाही. एसी लावावा म्हणून मी पुढे बसून गाडी सुरू केली. दोन मिनिटं झाली असतील. मग मागून खणखणीत आवाज आला, "अवं गाडीबाई, जावईबापूले सांग, बंद खोलीत धूर कोंडून राहिला. इंजिन बंद करा म्हणा."

स्प्रिंगच्या आवाजाने मी जेवढा हादरलो नव्हतो तेवढा या आवाजाने हादरलो. इंजिन बंद केलं. मग मीही गाडीलाच म्हणालो की मामींना सांग, माझं चुकलं, तेलाचंही चुकलं. शटरवरच्या जाळीतून येईल तेवढ्या हवेत आम्ही अडीच तास बसलो, आणि एवढ्या वर्षांत झालं नाही इतकं बोलणं गाडीच्या हाती झालं. मी गाडीला म्हटलं, उमरेडला आज दुपारचं जेवण चुकेल, मुलगा वाट बघत असेल. त्यावर मामींनी तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाल्या, "गाडीबाई, तिथं मले कोणी वाईट नाई बोलत. बोलतच नाई कोणी."

हे तुला टोचावं म्हणून लिहीत नाही, श्रावण. मलाच टोचलं. चंद्रकला वेळेवर ताट देते, तू औषधं आणतोस, हेही त्यांनी गाडीला आवर्जून सांगितलं. पण माग विकल्यापासून घरात आवाज नाही, सगळे आपापल्या फोनात, आणि दिवसभरात आपल्याला कोणी काही विचारत नाही, असं म्हणाल्या. इथे निदान जावईबापू विचारतात, भले वंदनेमार्फत. मी ते शिष्टाचार म्हणून विचारत होतो रे, आणि ती बाई त्यावर दिवस काढत होती. मला लाज वाटली. मी गाडीला म्हणालो, मामींना सांग, मग राहा इथेच. तर म्हणाल्या, लेकीच्या घरी पडून राहिली म्हणतीन लोकं.

साडेअकराला वंदना आली. शेजारचे चंपतराव आणि आणखी दोघांनी मिळून शटर कमरेएवढं उचललं, खाली विटा लावल्या, आणि आम्ही रांगत बाहेर आलो. (मामी माझ्याआधी.) मग प्रेमानंद नावाचा शटरवाला आला. त्याने वर वास घेतला, खाली वास घेतला आणि विचारलं की काका, हे खोबरेल तेल कोणत्या शहाण्याने लावलं? वंदनेने माझ्याकडे बोट दाखवलं. स्प्रिंग मापाने बनवून घ्यावी लागते, वेळ लागेल, तोवर शटरला हात लावू नका, असं सांगून तो गेला. म्हणजे गाडी आत, गाडीत पेटी, आणि पेटीशिवाय मामी हलणार नाहीत. यात माझा काही इलाज नाही हे तूही मान्य करशील. चंद्रकलेला आशीर्वाद.

तुझा,
बाबाराव

ता. क. वैभवला दुसरी गाडी घेऊन न्यायला पाठवू नकोस. तू स्वतः रविवारी दुकान बंद ठेवून ये, आईजवळ बस, तिला काहीतरी विचार. काहीही विचार, सुताचा भाव विचार. आणि रात्री एकटाच परत जा.

ता. क. २ प्रेमानंद बुधवारी नवी स्प्रिंग बसवायला आला तेव्हा मामींनी स्वतः त्याला चहा करून दिला आणि शेवटचा बोल्ट आवळून शटर चालू होईपर्यंत स्टुलावर बसून राहिल्या. संध्याकाळी शेजारणीने विचारलं, कधी निघता, तर म्हणाल्या, शटर बिघडलेलं आहे ना. मी तिथेच उभा होतो. मीही मान हलवली.

ता. क. ३ मूळ काम लिहायचं राहिलंच. आमच्या पलंगावर मामींना झोप येत नाही, असं त्या गाडीला म्हणाल्या होत्या. तिकडची त्यांची बाज रविवारी येताना टेम्पोत टाकून घेऊन ये. ठेवायला गॅरेजमध्ये जागा केली आहे, गाडी आता बाहेर राहील. विटा काढून घराकडचं दार मी कालच मोकळं केलं. भाडेकरू आता येत नाही, असं मी धरून चाललो आहे.