सहाव्या तुकड्यातली चौदा

मेइनोंग, ११ जून

प्रिय ल्यान-मेइ,

बाळ दूध नीट पितं हे फोनवर कळलं, बरं वाटलं. सुनेला तिळाच्या तेलातली कोंबडी रोज दे, महिनाभर तरी. तुझी ताई असती तर स्वतः डबा घेऊन आली असती. मी सुतकातला माणूस, बाळंतिणीच्या घरचा उंबरा मला चालत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. शिवाय जे सांगायचं आहे ते फोनवर मला जमलं नसतं.

इकडे ऊन फार आहे. दरीत पिवळी फुलपाखरं खूप आलीत म्हणतात. मी गेलेलो नाही. चार शनिवार फुलपाखरांची मोजणी बुडाली, हे तुला ठाऊकच आहे.

काल बाजारात तांदळाच्या शेवया घ्यायला गेलो होतो. शेवयावाली हसत म्हणाली, "काका, सारखं मागे वळून काय बघता? पोलीस लागलेत का पाठी?" मग ताईचं तिच्या लक्षात आलं. तिने पिशवीत एक मूठ जास्त घातली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

खरं आहे, मी मागे बघत असतो. कुणाच्याही पुढे चालायची मला भीती वाटते. घरात सुद्धा एखादं वाक्य बोललो की मागून कुणी ते परत म्हणेल म्हणून उभा राहतो.

तू तीनदा निरोप पाठवलास, "भाऊजी, नऊ मेचा तक्ता तेवढा राहिलाय." तक्ता माझ्याकडेच होता. हरवला म्हणालो ते खोटं होतं.

तुला मोजणी कशी चालते ते मी सांगायला नको, तूच आम्हाला शिकवलीस. एका चालीने चालायचं. दोन्ही बाजूंना अडीच मीटर आणि समोर पाच मीटर, तेवढ्यातलंच धरायचं. मागून येईल ते मोजायचं नाही. मी पुढे नाव घ्यायचं आणि ताईने मागून तेच परत म्हणून तक्त्यावर लिहायचं. "पिवळं, दोन." "पिवळं, दोन." सहा वर्षं आम्ही असंच चाललो.

त्या दिवशी, नऊ मेला, वाटेच्या पाचव्या तुकड्यात ती घाणेरीच्या झुडपापाशी थांबून राहिली. मी म्हणालो, "तुझ्यामुळे सगळा तुकडा वाया गेला." ती म्हणाली, "पाण्याचे मीटर वाचणाऱ्याशी लग्न केलं, आता फुलपाखरांनाही बिल पाठवेल हा." मी हसलो नाही. आणखी काहीतरी तोडून बोललो. ती म्हणाली, "बरं, मग मी आता तोंडच उघडत नाही."

तरी सहाव्या तुकड्यात तिने अकरा नावं परत म्हटली, कोरड्या आवाजात. बाराव्याला आवाज आला नाही.

मला वाटलं, रुसली आहे. न बोलता लिहीत असेल. मी पुढची नावं जरा मोठ्याने घेतली, तिला टोचावं म्हणून. तेराव्यालाही आवाज आला नाही. तेव्हाच वळायला हवं होतं. मी वळलो नाही. अर्धाच तुकडा उरला होता, आणि आपण आधी वळलो तर ती जिंकली असं होईल, हा विचार माझ्या मनात होता. हे अगदी असंच होतं, ल्यान-मेइ. मी तुकडा पुरा केला आणि मग वळलो. वाट रिकामी होती.

ती वळणापलीकडे पडली होती. पेन हातात होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "पडून किती वेळ झाला?" मी म्हणालो, "दोन मिनिटं." तुलाही मी लगेच वळलो असंच सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते की मेंदूतल्या रक्तस्रावात प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. त्यांनी आणखी काही सांगितलं असेल, माझ्या कानात तेवढंच राहिलं.

डॉक्टर तिच्यापाशी आत असताना मी बाहेर बाकावर बसलो होतो. तक्ता माझ्या मांडीवर होता. काय करावं सुचेना. राहिलेली चौदा नावं मला क्रमाने आठवत होती, ती मी लिहून काढली. शेवटी वेळही लिहिली.

म्हणजे तक्ता बघितलास की तुला कळेल. सहाव्या तुकड्यात अकरा ओळी ताईच्या अक्षरात आहेत आणि चौदा माझ्या. चौदा नावं घेत चालायला पाच मिनिटं तरी होतात. तू किती वर्षं हे तक्ते वाचते आहेस, तुझ्या नजरेतून ते सुटणार नाही. याचीच मला एवढे दिवस भीती होती. मी सगळा तक्ता एका अक्षरात नव्याने उतरवला होता. चांगला दिसत होता. चौथ्या आठवड्याच्या पूजेला तिला तिकडे मिळावेत म्हणून कागदी पैसे जाळले, त्यातच ती नक्कल टाकली.

नियमावर ढकलायचीही सोय नाही. पहिल्या वर्षी ताईने तुला विचारलं होतं, "आणि मधेच मला लघवीला लागली तर?" तू म्हणालीस, "तर घड्याळ थांबवायचं, वेळ लिहायची आणि जाऊन यायचं. फुलपाखरं कुठे पळून जातात." आपण तिघं किती हसलो होतो. थांबता येत होतं.

तक्ता सोबत आहे, मूळचा. ती चौदा धरायची की खोडायची, तू ठरव.

शनिवारी सकाळी साडेनऊला मी पुलाजवळ असेन. सुतकाला उंबरा चालत नाही, दरी चालते. तू आलीस तर तक्ता घेऊन माझ्या मागे चाल. मी नाव घेतलं की परत म्हण. माझं तोंड बघवत नसलं तरी म्हण. आवाज आला नाही की मी वळेन, मोजणी गेली तरी चालेल.

नाही आलीस तर दहापर्यंत थांबून घरी जाईन. एकट्याने त्या वाटेवर पाऊल टाकायची माझी हिंमत नाही.

यापुढे भाऊजी म्हणशील की नाही ठाऊक नाही, म्हणून नुसताच,

क्वान-लू