रफीकचाचांचा अर्ज

बदनापूर, मंगळवार संध्याकाळ

अजून खरं वाटत न्हाई. नोकरी करून शिकणाऱ्यांची फी विद्यापीठ भरतं. त्याच्या आमच्या अभ्यासकेंद्रातल्या कर्मचाऱ्यांमधून यंदा एकच अर्ज मंजूर झाला. माझा न्हाई, शिपाई रफीकचाचांचा! बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेत म्हणे. आणि मी दहा वर्षं त्यांना नोटिसा वाचून दाखवल्या! त्यांना नीट वाचता येत न्हाई, असं मला सांगितलं कुणी? कुणीच न्हाई. मीच धरून चालले होते.

"चाचा, कधी बोलला न्हाईत?"

"मॅडम, तुम्ही इतक्या मायेनं वाचायच्या. मंग तुमचं दिल कसं मोडू?"

माझा अर्ज नामंजूर झाला याचं दुःख व्हायला हवं होतं, पण नुसती लाज वाटून राह्यली. मी मंजुरीचं पत्र त्यांच्या हाती दिलं. चष्मा लावून त्यांनी ते सगळ्यांसमोर घडाघडा वाचलं. मी उभी राहून ऐकलं.