याबुसामे ऐकू आला तर

प्रिय चिगुसा,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस. आत डॉक्टरांचे कागद नाहीत. कापसात गुंडाळलेलं नखाएवढं एक मेमरी कार्ड आहे. ते लगेच लावून बसू नकोस, आधी पत्र वाच. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, लहानपणी तू मोचीतलं गोड सारण खाऊन पारी ताटात ठेवायचीस.

नववर्षाला तू आली होतीस तेव्हा आपलं काय ठरलं ते तुझ्या लक्षात असेलच. कोतात्सूच्या उबदार मेजाखाली पाय घालून संत्रं सोलता सोलता तू म्हणालीस, "बाबा, फुकुओकाला खोली तयार आहे, दक्षिणेची खिडकी आहे. या डोंगरात एकटे किती दिवस काढणार?" आणि मी म्हणालो, "या वसंतात याबुसामे आला नाही, तर घराला कुलूप लावून येतो. आला, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." तू कपाळाला हात लावलास. "वीतभरसुद्धा नसलेल्या, शेपूट तुटक्या पाखरावर माझ्या बापाचा मुक्काम ठरणार!" असं म्हणून हसलीस, आणि मग उठून उगाचच भांडी घासायला गेलीस. घासलेलीच होती ती.

पण ग पोरी, तुला सगळं सांगायला हवं. ते पाखरू गेल्या वर्षीच आलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षीही मला शंकाच होती. लाकूडगिरणीत जन्म गेला माझा, दिवसभर करवतीची किंकाळी. सुट्टीच्या दिवशी मात्र टेप खांद्याला लावून ओढ्याकाठी जायचं, हा एकच शौक. तुझी आई म्हणायची, इतरांचे नवरे दारूच्या दुकानात सापडतात, माझा झुडपात सापडतो. दर वसंतातली पहिली कॅसेट याबुसामेची. बांबूच्या खुरट्या रानात, पार जमिनीलगत बसून तो गातो. गातो म्हणजे काय, चाकूला धार लावल्यासारखं बारीक सी-सी-सी, पायरी पायरीनं चढत जाणारं. दिसत तर कधीच नाही. त्यामुळे तो आला हे कळायला कानाशिवाय दुसरा रस्ता नाही.

या वर्षी चेरी फुलून गेली, पाऊलवाटेवर नेचे उलगडले, आणि मी रोज पहाटे ओढ्याकाठी जाऊन बसलो. ओढा ऐकू येई. कावळा ऐकू येई. बाकी दरी बंद दुकानासारखी. घरी येऊन मी एकटाच मिसोचं सूप प्यायचो आणि वाटायचं, आता इथं कोण उरलंय? गिरणी गेली, शाळा गेली, तुझी आई गेली, आणि आता हाही. शेजारच्या तानेबाईंना म्हटलं, "याबुसामे संपला हो आपल्या दरीतून." त्या काहीतरी पुटपुटल्या. नवी कवळी बसवल्यापासून त्या तोंडातल्या तोंडात बोलतात. मी म्हटलं, "काय?" तर म्हातारी माझ्या कानाशी येऊन ओरडली, "मी म्हणते, सुंकी घेऊन जा! भाताबरोबर खा! लोणच्यासाठीसुद्धा तीनदा बोलवावं लागतं तुला!"

तरी मनाची समजूत पटेना. म्हटलं, मी बसतो तेव्हाच तो गप्प राहत असेल. यंत्र झुडपात ठेवून यावं, माणूस नसताना काय येतं ते पाहावं. पण जुना टेप काढला तर आतला पट्टा वितळून गुळासारखा चिकटलेला. मग सकाळच्या गाडीनं नागोयाला गेलो, ओसूच्या विजेच्या सामानाच्या बाजारात. पूर्वी तिथं आमच्या ध्वनिमुद्रण मंडळाची सगळी टोळी जायची. आता मी एकटा, आणि गल्लीभर पोरंपोरी रंगीत केस करून.

दुकानात उशिदा नावाची एक मुलगी होती, तुझ्याहून बरीच लहान. "आजोबा, कशासाठी हवंय? कराओके की नातवंडांचं गाणं?" मी म्हटलं, "पाखरासाठी." तिचा चेहरा एकदम उजळला, काउंटरखालून तीन यंत्रं काढून तिनं ओळीनं मांडली. पहिलं खिशात मावणारं, दोन माइक खेकड्याच्या डोळ्यांसारखे वर आलेले. दुसरं जाडजूड, बाहेरचे मोठे माइक जोडता येणारं, विटेसारखं वजनदार. तिसरं अगदी नव्या तऱ्हेचं. ती म्हणाली, "यात आवाजाची पातळी लावावीच लागत नाही. हळू असो, मोठा असो, सगळं धरून ठेवतं. नंतर घरी बसून कमी-जास्त करा." मी म्हटलं, "म्हणजे मीठ न घालताच वाढायचं, आणि जेवणाऱ्यानं ताटात घालून घ्यायचं!" ती इतकी हसली की पलीकडचा मालक वळून बघायला लागला. वाऱ्यासाठी माइकवर घालायची केसाळ टोपीही तिनं दाखवली. मांजराचं पिल्लू झोपल्यासारखी दिसते. मी तिला उगाचच कुरवाळली.

पण मी काही नवशिका नाही. तिला म्हटलं, "मुली, दिसण्यावर मी घेत नाही. माझं पाखरू अगदी हळू गातं, तेव्हा यंत्राची स्वतःची खरखर जितकी कमी तितकं ते चांगलं. तुमची ती शांत खोली असेल तर तिथं तिन्ही चालू कर, आवाज पुरता वाढव, आणि मला नुसती शांतता ऐकव." मंडळात आम्ही यंत्र असंच पारखायचो, गाणं वाजवून नाही. ती मला मागच्या खोलीत घेऊन गेली. कानाला हेडफोन लावले. पहिलं यंत्र, निवांत. दुसरं, निवांत. तिसरं, तेही निवांत. मी खूश झालो. म्हटलं, "काय प्रगती केलीय तुम्ही लोकांनी! तिन्हींत खरखर म्हणून नाही. मग स्वस्तातलंच दे, ते पहिलं."

ती गोंधळली. हेडफोन स्वतःच्या कानाला लावून तिनं पुन्हा पाहिलं. मग अगदी सरळपणे म्हणाली, "आजोबा, पहिल्यात तर चांगलीच खरखर आहे. तेल तापल्यासारखी चरचरतेय. तुम्हाला नाही ऐकू येत?"

चिगुसा, त्या खोलीच्या भिंती स्पंजच्या होत्या. तिथं कसलाच आवाज परत येत नाही. मी स्टुलावर बसून राहिलो आणि मला ओबा गुरुजी आठवले. आमच्या मंडळाचे सगळ्यात जुने सभासद. एका वसंतात सहलीला गेलो असताना ते थांबले आणि हळहळून म्हणाले, "या वर्षी याबुसामे नाही हो." आणि तेव्हा, त्यांच्या उजव्या पायाशी, झुडपात तो घसा फाडून गात होता! आम्ही सगळे ऐकत होतो. एकानंही तोंड उघडलं नाही. वडीलधाऱ्याला कसं सांगायचं? सगळ्यांनी माना हलवून "खरंच, वाईट झालं" म्हटलं, आणि परतताना गाडीत आम्ही तोंडावर टॉवेल धरून हसलो. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. गुरुजी पुढची किती वर्षं त्या पाखराचं सुतक पाळत राहिले असतील, हे त्या दिवशी गाडीत कुणाच्या मनातही आलं नाही.

उशिदाला मी सगळं सांगितलं. एवढ्या मोठ्या माणसानं परक्या पोरीपुढे असं रडकं तोंड करू नये, पण झालं खरं. ती बिचारी माफी मागायला लागली. मी म्हटलं, "माफी कसली? दोन वर्षांत माझ्याशी खरं बोलणारी तू पहिली." मग ती नव्यानं कामाला लागली. म्हणाली, "ऐकू येत नसेल तर दिसेल असं घेऊ या." तिनं ते नव्या तऱ्हेचंच यंत्र दिलं, कारण त्याचा पडदा मोठा आहे आणि आवाज त्यावर रेघ काढत जातो. ओढ्याचा खालचा घुमणारा आवाज गाळून टाकायची सोयही तिनं लावून दिली, म्हणजे बारीक तेवढाच उरेल. बिनमिठाचं तर बिनमिठाचं.

दुसऱ्या पहाटे यंत्र झुडपाच्या तोंडाशी ठेवलं, त्यावर मांजराचं पिल्लू बसवलं, आणि ठरवलं होतं तसं निघून न जाता शेजारीच दगडावर बसलो. कानात ओढ्याखेरीज काही नाही. पडद्यावर रेघ सरळ, थांबलेल्या नाडीसारखी. आणि मग ती हलली. एक टोक, मग त्याहून उंच, मग त्याहून उंच, पायऱ्या चढत गेल्यासारखी, आणि थांबली. थोड्या वेळानं पुन्हा तशीच. मी बघत होतो. ओढा सोडला तर माझ्या कानाला दरीत टाचणी पडल्याइतकाही आवाज नव्हता, आणि माझ्या डोळ्यांसमोर कुणीतरी जिवाच्या आकांतानं गात होतं.

पण रेघेचं काय खरं? फांदी फांदीला घासली तरी रेघ उठते. तानेबाईंच्या पंपालाही ती उठते. उशिदानं सांगितलं होतं, हळू वाजवून बघा, आवाजाची पट्टी खाली येईल, तुमच्या कानाला पोचेल. तसंही केलं. काहीतरी घरघरलं. ते पाखरू असेल, नाहीतर घोरणारा बेडूक. माझ्या मनाला हवं ते मी त्यात ऐकणार, म्हणून माझी साक्ष ग्राह्य धरू नये.

आणखी एक गोष्ट आहे, ती पाखरापेक्षा अवघड आहे. तू रविवारी फोन करतेस. मला तुझा आवाज येतो, पण शब्दांच्या कडा झिजून येतात. मी अंदाजानं "हो, हो" म्हणतो, "जेवलो" म्हणतो. मागच्या महिन्यात तू बराच वेळ काहीतरी सांगत होतीस, मध्ये थांबत होतीस, आणि मी "छान, छान" म्हणालो. मग तू गप्प झालीस. फोन ठेवलास तेव्हापासून मी त्या गप्प होण्याचा विचार करतोय. काय सांगत होतीस ग? चांगलं नव्हतं ना ते? त्यानंतरचे दोन रविवार फोन वाजलेला मला फक्त थरथरण्यावरून कळला, आणि मी उचलला नाही. रागानं नाही, बाळा. पुन्हा चुकीच्या जागी "छान" म्हणेन या भीतीनं. ते पुन्हा एकदा सांग. लिहून सांग, मोठ्या अक्षरांत.

म्हणून फोन न करता हे पत्र लिहितोय, आणि म्हणून ते कार्ड. घरात सगळे बाहेर गेले की दार लावून ऐक. लहानपणी तू तो शंभरदा ऐकलायस, तुझी चूक व्हायची नाही. आणि मला खरं ते लिही. ओबा गुरुजींना आम्ही दिला तसला सभ्यपणा बापाशी करू नकोस. नसेल तर स्वच्छ 'नाही' लिही. तो आला तर मी राहणार, नाही आला तर येणार, असं म्हणालो होतो, ते आता फिरवतो. तो तिथं नसेल, तर मला इतक्यात हलवू नकोस. त्याच्याशिवाय ही दरी कशी असते ते थोडे दिवस बसून बघू दे. पण असेल, तर मी येतो. माझ्या ऐकण्यावाचून त्याचं काही अडत नाही एवढं कळलं, की मला कुलूप लावता येईल. फक्त न्यायला तू स्वतः ये, पावसाळी ढग बसायच्या आत, एका पहाटेसाठी तरी. माझ्यासमोर त्या दगडावर बस, काही बोलू नकोस. तो गायला लागला की ते मला तुझ्या तोंडावर दिसेल.

डोंगरात असलो तरी तुझाच,
बाबा