साहेबांचा पिवळा रंग

३ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. कलाकार घडत कसा गेला, हे वेळच्या वेळी टिपलेलं बरं. नंतर लोक विचारतात आणि मग ऐनवेळी आठवत नाही.

फोटो एडिटिंगचा ऑनलाइन कोर्स सुरू केला. पहिलाच धडा डोळे उघडणारा. सगळ्या फोटोचे रंग वाढवणं हे अडाण्याचं काम. जाणकार एकच रंग निवडतो, तेवढाच खुलवतो, बाकी जग फिकं ठेवतो. ऐकताना अंगावर काटा आला. पाइपच्या कंपनीत डिस्पॅच सांभाळताना इतकी वर्षं नेमकं काय खुपत होतं ते कळलं. पाइप सगळे करडे.

निश्चय: रोज एक फोटो.

४ जून
हिचा लाल स्वेटरमधला फोटो घेतला. लाल वाढवला. स्वेटर असा पेटला की बघत राहावं. मात्र लाल रंग हिच्या नाकाच्या शेंड्यावरही होता, हे सॉफ्टवेअरने आधी सांगायला हवं होतं. हिने बघितलं आणि विचारलं, मला एवढी सर्दी कधी झाली होती?

घरच्यांचा विरोध कुठल्या कलाकाराला चुकलाय? असे डाग टाळायला ‘मास्क’ वापरतात म्हणे. तो सहावा धडा. माझ्यासारख्याला त्याची गरज पडेलसं वाटत नाही.

५ जून
फोटो नाही. प्रेरणा नव्हती. शिवाय क्रिकेटची मॅच.

६ जून, संध्याकाळ
खालच्या काकूंचे साहेब हरवले.

साहेब म्हणजे बोका. आम्ही पहिल्या मजल्यावर, काकू तळमजल्यावर. काकू हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या. काका गेल्यापासून एकट्याच. बोक्याशी अहो-जाहो बोलतात. ‘अहो, जेवून घ्या’ ऐकून नव्या भाडेकरूंना वाटतं, यांचे यजमान आहेत, फक्त बाहेर फारसे दिसत नाहीत.

परवापासून साहेब घरी नाहीत. काकू दुधाची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना शोधायला जाता येत नाही. ही त्यांच्याजवळ बसली. मी म्हटलं, पोस्टर माझ्यावर सोडा.

काकू म्हणाल्या, “साधासाच फोटो लाव हो. ते दिसायला साधेच आहेत.”

मी मनातल्या मनात हसलो.

७ जून
काकूंच्या फोनमधला फोटो घेतला. खरं सांगायचं तर साहेब दिसायला पायपुसण्यासारखे. पाठीवर जरा पिवळसर झाक, तीही भिंतीला ओल आल्यासारखी. अशा फोटोकडे कोण ढुंकून बघणार?

पिवळा निवडला. वाढवला. अजून थोडा. पार केशरीपर्यंत गेला, आतून वाघ निघाला! डोळ्यांतला हिरवाही जरा उचलला. मागची भिंत, सतरंजी सगळं काळं-पांढरं. हे माझं आजवरचं सर्वोत्तम काम. (दुसरंच आहे, पण तरीही.)

मुलगी म्हणाली, बाबा, हे साहेब नाहीत, हे साहेबांचे साहेब आहेत. दाद द्यायची तिची पद्धत. हिचं म्हणणं, आधी काकूंना दाखवा. दुःखातल्या माणसाला तांत्रिक गोष्टींचा त्रास देऊ नये, असं माझं मत.

८ जून
पोस्टरं लागली. बेकरी, दवाखाना, बस स्टॉप. प्रिंटवाल्याने सर्कस कुठे लागलीय विचारलं. नजर खिळते, हे सिद्ध झालं.

सगळ्यात मोठं पोस्टर काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला, चित्र रस्त्याकडे करून. त्यासाठी खिडकी बंद करून चारी बाजूंनी पक्की टेप मारली. साहेबांचं येणं-जाणं त्याच खिडकीतून असतं, असं काकू आतून सांगत होत्या. मी म्हटलं, मग तर जागा अगदी योग्य.

९ जून, रविवार
फोनवर फोन! पोस्टर चाललं!

एका बाईंनी केशरी मांजर आणलं. मांजर म्हणजे मांजरी निघाली, वर गाभण. एकाने बेकरीवाल्याचाच बोका उचलून आणला. पाठोपाठ बेकरीवाला आला. ब्रेड आता लांबच्या दुकानातून आणावा लागेल.

दर वेळी बेल वाजली की काकू भिंत धरत लगबगीने दारात येत. बघत, “हे नव्हेत” म्हणत आणि आत जात. शेवटच्या वेळी ‘हे नव्हेत’ही म्हणाल्या नाहीत.

१० जून
सकाळी गॅलरीत एक मळकट बोका. खप्पड, केसांचे पुंजके झालेले, ओरडून डोकं उठवलं. खबरदारी म्हणून लॅपटॉपवर पोस्टर उघडून ताडून पाहिलं. काडीचं साम्य नाही. पेपरची सुरळी करून हाकलला. दुसरा कोणी असता तर फसला असता.

११ जून
तोच पुन्हा. ओळख असल्यासारखा बघतो. पाठीवर किंचित पिवळं आहे, पण आपल्या साहेबांच्या पिवळ्यापुढे ते काहीच नाही. तांब्याभर पाणी ओतलं. गेला.

१३ जून
काकू नीट जेवत नाहीत. ही डबा घेऊन गेली, तसाच परत आणला. मी भेटलो तर काकू माझाच हात धरून म्हणाल्या, ऑफिस सांभाळून माझ्यासाठी किती धावपळ करतोस. घरी येऊन रंग आणखी वाढवला.

१५ जून, शनिवार
लिहू नये असं वाटतंय.

सकाळी बोका पुन्हा गॅलरीत. आज मी झाडू घेतला. सुट्टी असल्याने ही घरी होती. ओरडणं ऐकून बाहेर आली आणि जागीच थांबली.

“अहो, हे साहेब आहेत.”

मी तिला पोस्टर दाखवायला लॅपटॉप आणला. तिने बघितलाही नाही. कठड्यावरून खाली काकूंना हाक मारली.

वर्षानुवर्षं जिना न चढलेल्या काकू वर आल्या. एका पायात चप्पल, एक पाय तसाच. बोका धावत त्यांच्या पायाशी. काकू तिथेच फरशीवर बसल्या.

“अहो, कुठे होतात? किती वाळलात.”

मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या झाडूकडे गेलं. विचारलं, हे इथे कधीपासून येतायत? मी म्हटलं, आजच. मुलगी म्हणाली, बाबा, मंगळवारी तू पाणी ओतलंस तो कोण होता?

काकूंनी लॅपटॉपवरच्या वाघाकडे बराच वेळ बघितलं. त्यांना खिडकीतून आजवर पोस्टरची पांढरी पाठच दिसत होती.

“हे कोण रे?” त्यांनी विचारलं.

मी लॅपटॉप मिटला.

१६ जून, रविवार
दुपारभर काकूंच्या खिडकीची टेप खरवडली. काकूंनी गरम पाणी आणि बोथट सुरी दिली, चहाही दिला. साहेब आत ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होते. खिडकी उघडल्यावर माझ्या हाताला ओरखडा काढून बाहेर गेले.

घरी आलो तर दारात खोका. वर चिठ्ठी: तुमचं मांजर सापडलं, बक्षीस नको. आत धगधगीत केशरी बोका, डोळे हिरवेगार. अगदी पोस्टरबरहुकूम. आणणाऱ्याचा पत्ता नाही, बोका जायला तयार नाही. ही म्हणाली, तुम्हीच मागवलाय, तुम्हीच सांभाळा. तो माझ्या खुर्चीत झोपलाय.

उभ्यानेच त्याचा फोटो काढला आणि एडिटिंगला घेतला. वाढवण्यासारखं काही नाही.