आत्तीचं नाव का लावलं नाहीस?

अण्णा,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. लिहिणार नाही. तुला जाऊन दीड महिना झाला, आणि माझा राग तसूभर कमी झालेला नाही.

तुझी स्मरणिका निघते आहे. परवा तिचे संपादक उचगावला माझ्या घरी आले. चहा प्याले आणि म्हणाले, "ताई, सख्ख्या बहिणीच्या दोन पानी आठवणी पाहिजेत. जरा गोड लिवा. सभेत जे झालं ते झालं, ते काय घालू नका." मी म्हटलं, "लिवतो की."

तर हे ते लिखाण. ते छापतील असं वाटत नाही. तू तरी वाच. आता तुला कुठल्या मुलाखतीला जायचंय!

हुपरीचं आपलं घर आठवतं? पुढच्या खोलीत मी आणि आई पैंजणांना घुंगरं जोडत बसायचो. मागच्या खोलीत आत्ती. आप्पांची थोरली बहीण, रखमा. लहानपणी डोक्यात जट निघाली म्हणून घरच्यांनीच तिला सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडली. तिला कुणी विचारलं नव्हतं. पुढं आयुष्यभर मंगळवारी आणि शुक्रवारी ती परडी घेऊन जोगवा मागायला जायची, आणि त्या जोगव्यातली ज्वारी आपल्या घरात दळली जायची. तुझ्या ताटात ती भाकरी नव्हती का?

आणि तिचं ते चौंडकं! लाकडी पिंपासारखं, खाली कातडं, मधून ताणलेली तार. काखेत दाबून ती तार ओढायची, सैल सोडायची, आणि आवाज माणूस बोलल्यासारखा खालीवर व्हायचा. गुबुंग, गुबुंग. आई म्हणायची, "वन्संचं चौंडकं हुंकार देतंय बघा." तू तिच्या बाजूला तुणतुणं घेऊन उभा राहायचास. दहावीपर्यंत. सूर कसा धरायचा, ठेका कुठं मोडायचा आणि कुठं परत पकडायचा, हे तुला कुठल्या शाळेनं शिकवलं नाही. तिनं शिकवलं.

मग वर्गातल्या मुलांनी तुला 'जोगत्या, जोगत्या' म्हणून हाका मारल्या. त्या दिवशी तू तुणतुणं फळीवर टाकलंस आणि परत हात लावला नाहीस. याबद्दल माझा राग नाही, अण्णा. त्या वयात मीही तेच केलं असतं. तू कोल्हापूरला ऑर्केस्ट्रात लागलास, तिथून मुंबईला गेलास, आडनाव सोडून नुसतं नाव लावू लागलास. तेही ठीक. माणूस पुढं जातो.

पण मग तू परत आलास.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. मी हुपरीला माहेरपणाला आलेली. तू गाडीतून उतरलास, आत्तीच्या पाया पडलास, आणि तिला घेऊन मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलंस. दोन तास आतून चौंडकं वाजत होतं. मी दाराबाहेर बसून रडले. आनंदानं! वाटलं, माझा भाऊ माघारी आला. बाहेर येताना तुझ्या हातात ते बारकं रेकॉर्डिंगचं यंत्र होतं. मी विचारलं, "काय केलास रं?" तू म्हणालास, "आठवण म्हणून. ती काय आता किती दिवस हाय?"

ती अजून आहे, अण्णा. तू गेलास.

पुढच्या वर्षी तुझं ते वरातीचं गाणं आलं. एकही लग्न राहिलं नाही त्याच्याशिवाय. उचगावच्या नाक्यावर डीजेच्या भिंती लागल्या की माझ्या स्वयंपाकघरातली भांडी हलायची, आणि त्या सगळ्या दणदणाटाखाली एक आवाज वर-खाली होत असायचा. गुबुंग, गुबुंग. लोक म्हणायचे, "काय बास काढलाय गड्यानं!" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली कढई खाली ठेवली. मी तो आवाज झोपेतही ओळखेन.

मग ती टीव्हीवरची मुलाखत. मी मुद्दाम हुपरीला गेले होते, आत्तीबरोबर बघायला. निवेदिकेनं विचारलं, "हा ठेका तुम्हाला सापडला कुठं?" आणि तू खुर्चीत मागं रेलून बोलायला लागलास. परदेशातल्या एका जुन्या दुकानात तुला एक तबकडी मिळाली. आफ्रिकेतून आणून कापसाच्या मळ्यात राबवलेल्या गुलामांची गाणी. त्या गाण्यांतून पुढं सगळ्या जगाचं आजचं संगीत कसं निघालं, ज्या लोकांना माणूस म्हणून कुणी मोजत नव्हतं त्यांनीच जगाला नाचायला कसं शिकवलं, हे तू इतकं छान सांगितलंस की निवेदिकेचे डोळे भरून आले. "आपण मुळं विसरता कामा नये," असंही म्हणालास.

त्या लोकांबद्दल खोटं काही बोलला नाहीस, हेच मला खुपतं. ते सगळं खरंच असणार. पण त्या लोकांचं दुःख तुला जगापुढं सांगता आलं, कारण ते आपल्या मागच्या खोलीत राहत नव्हतं!

आत्ती पुढं वाकून ऐकत होती. मला म्हणाली, "आफ्रिका म्हंजे कुठं आलं गं? सौंदत्तीच्या पल्याड?"

मी म्हटलं, "लय पल्याड."

"मग तितं बी चौंडकं हाय म्हणायचं," ती म्हणाली. आणि खूश झाली. खरंच खूश झाली, अण्णा! मला टीव्ही फोडावासा वाटला.

तुझा सत्कार ठरला तेव्हा मीच तिला कोल्हापूरला घेऊन आले. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, कपाळभर भंडारा लावला, चौंडकं फडक्यात बांधून घेतलं. एसटीत कुणी विचारलं, "आजी, कुठं जत्रंला?" तर म्हणाली, "भाच्याच्या." सभागृहाच्या दारात तू पाहुण्यांच्या घोळक्यात उभा होतास. आम्हाला पाहिलंस आणि तुझा चेहरा उतरला. तो मी पाहिला.

आत्तीनं तुझ्या गालावरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "बाळा, गाणं ब्येस हाय. पर तिसरा ठोका खाल्लायस बघ. यल्लम्मा आईचं नाव येतंय तितला. तो कापलास की नाचत्यात, पर अंगात येत न्हाय."

तिला तुझ्याकडून दुसरं काहीच नको होतं. फक्त चूक दुरुस्त करायची होती, गुरूनं करावी तशी. आणि तू? तू बिल्ला लावलेल्या कार्यकर्त्याला हळूच म्हणालास, "गावाकडच्या बाई हायत. त्यांना चहा पाजा आणि बसस्टँडवर सोडा."

गावाकडच्या बाई!

मी तुझ्याकडे बघत राहिले. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. परतीच्या गाडीत आत्ती एवढंच म्हणाली, "गर्दी हुती त्याला."

आता माझंही सांगते, म्हणजे तुला वरून बोट दाखवायला जागा राहणार नाही. माझ्या लेकीच्या सोयरिकीला हातकणंगल्याचे पाहुणे आले तेव्हा त्यांनी विचारलं, "माहेरी कोण कोण असतं?" मी आत्तीचं नाव घेतलं, आणि पुढं म्हणाले, "विधवा हायत, देवधर्म करत्यात." ती तेव्हा माझ्याकडंच आली होती; तिला त्या दिवशी शेजारच्या घरी बसवली होती. मी बसवली होती. तेव्हा मी तुझ्यापेक्षा फार शहाणी आहे असं नाही. पण मी तिचा आवाज विकून वर मुळांवर भाषण दिलं नाही.

तू गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तुझा रेकॉर्डिंगवाला सलीम घरी आला. चपला दारात काढून तसाच उभा राहिला. म्हणाला, "दीदी, सरांच्या कॉम्प्युटरमधलं सामान लावत होतो. हे तुमच्याकडं असलेलं बरं." त्यानं मला आत्तीचं ते दोन तासांचं रेकॉर्डिंग दिलं. तू त्याला नाव दिलं होतंस, 'गावठी लूप एक.' गावठी लूप, म्हणजे पुन्हापुन्हा फिरवायचा तुकडा! माणसाला नाव असतं रे, अण्णा.

सलीमनं शेवट ऐकायला सांगितला. चौंडकं थांबतं. आत्ती खोकते. मग म्हणते, "हे लोकास्नी ऐकवणार व्हय?" तू म्हणतोस, "व्हय." ती म्हणते, "मग माझं बी नाव लाव की कुटंतरी. बारकं चालंल." आणि तू हसून म्हणतोस, "लावतो की आत्ती. मोठ्ठं लावतो."

मी तो शेवट परत लावला, परत ऐकला. सलीमही ऐकत होता. तो म्हणाला, "मी सरांना दोनदा विचारलं होतं, दीदी. म्हणाले, नंतर बघू."

मग ती शोकसभा. तेच सभागृह. हारतुरे, तुझा हसरा फोटो. संगीत शिकवणारे एक प्राध्यापक तुझ्या ठेक्याचं मूळ उलगडून सांगत होते. परदेशी तबकडी, समुद्रापारची लय, सगळं तूच मुलाखतीत सांगितलेलं. ते बसले आणि निवेदकानं माझं नाव पुकारलं. मी माईकसमोर फोन धरला आणि त्या रेकॉर्डिंगची शेवटची तीन मिनिटं वाजवली.

"बारकं चालंल" ऐकून पहिल्या रांगेतल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. वहिनी उठून ओरडल्या, "बंद करा ते! मेलेल्या माणसाची अब्रू काढताय?" कुणीतरी माईक बंद केला. मी तसंच मोठ्यानं सांगितलं, "ह्या बाईचं नाव रखमा. आमची आत्ती. ती हुपरीत जिवंत हाय." आणि खाली उतरले. वहिनी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं चुकलं असंही मला वाटत नाही. त्यांना तू आत्तीबद्दल कधी सांगितलंच नव्हतंस.

दोन दिवसांनी ते प्राध्यापक हुपरीला आले. खजील झाले होते बिचारे. आत्तीपुढं मांडी घालून बसले. तिला आता कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून विचारलं, "आजी, ह्या ठेक्याचं मूळ काय?"

"मूळ?" ती म्हणाली. "चन्नव्वा."

"म्हणजे?"

"माझी गुरुमाय. सीमेपल्याडची, कानडी बोलायची. मला मराठी, तिला कानडी. दोघींस्नी एकमेकींचं कळायचं न्हाय, म्हणून वाजवूनच बोलायचो. ठेका तिचा हाय. तिला कुणी दिला ते तिला ठावं." मग तिनं कानाच्या पाळीला हात लावला, चन्नव्वाचं नाव घेतलं, आणि वाजवायला लागली. प्राध्यापकांना तिनं तुणतुणं धरायला लावलं आणि दोन वेळा झापलं.

कळलं, अण्णा? ज्या बाईला शाळेचं तोंड माहीत नाही, तिला मूळ सांगायला एक क्षण लागला. ती काही हरली नाही त्यात. चन्नव्वाचं नाव घेतल्यानं तिचं वाजवणं कमी झालं नाही. तुझं झालं असतं का? दोन शब्द होते रे, 'आत्तीकडून शिकलो.' एवढं बोलायला तुला कसली भीती वाटत होती? तू गेल्यावर तरी मला कुणी सांगेल का?

मी तिला सगळं सांगितलं. फाइलचं, तिच्या नावाचं, तू दिलेल्या शब्दाचं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. पोरगं हाय." तिनं तुला माफ केलं. तिथल्या तिथं. म्हणूनच मी करणार नाही. दोघींनी माफ केलं तर तुला वाटेल, काही झालंच नाही.

आता ऐक. तुझ्या नावानं एका चौकाला नाव द्यायचं चाललंय. कागद फिरतोय, माझीही सही मागितलीय. मी सही केलेली नाही. त्यावर लिहून दिलंय की पाटीवर तीन नावं येतील. पहिलं चन्नव्वा, दुसरं रखमा, तिसरं तुझं. तिन्ही एकाच मापाच्या अक्षरांत. नाही जमलं तर पाटीच लागू देणार नाही, मग मला रोज सरकारी कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागल्या तरी चालेल. लोक म्हणाले, "ताई, तुमच्या भावाचं नाव सरळ काढूनच टाका की मग." मी नाही म्हटलं.

तुझं नाव राहील, अण्णा. हा माझा शब्द आहे. तू जे तिच्याशी केलंस, ते मी तुझ्याशी करणार नाही.

रखमाबाईची भाची,
आणि नाइलाजानं तुझी बहीण,
सुमन