चार पेट्या आणि मायचा कागद

कोल्हापूर, ९ नोव्हेंबर १९५३

सकाळी वाटलं, निघावं इथून. नागपूरला, मुंबईला, कुठंही. सहा महिने झाले की पाय खाजायला लागतात. दुपारी गणूभाऊंनी आपल्या ताटातली भाकरी माझ्या हातावर ठेवली. "खा रं वऱ्हाडी, दिसभर उन्हात हुबा हाईस." मग राहिलो.

काम तेच. चांदीचा कागद लावलेली फळी धरायची, उन्हाचा उजेड नटाच्या तोंडावर पाडायचा. हात हलला की मालक, म्हणजे डायरेक्टर, आई-बाप काढतात.

गणूभाऊ या पिक्चरचे हिरो. हिरो कसले, सोंगाडेच. गोष्ट अशी की तमाशातला सोंगाड्या निवडणुकीला उभा राहतो. पाटलानं त्याला उभा केला दुसऱ्याची मतं फोडायला. हा गडी छत्रीची निशाणी घेऊन खरंच दारोदार फिरायला लागतो. आजचं भाषण: "मंडळी, बाकीचे तिघं म्हनत्यात, निवडून द्या, मग बघा. मी म्हनतो, आत्ताच बघून घ्या. निवडून आल्यावर मी तरी कुठं दिसतोय?"

मी हसलो. फळी हलली. बोलणी खाल्ली.

१२ नोव्हें.

जेवताना मतदानाच्या गोष्टी निघाल्या. ज्यानं त्यानं आपल्या गावची सांगितली. मी मायची सांगितली.

आमच्या रिठदला मतदान झालं तेव्हा चार उमेदवार, चार पेट्या. पेटीवर ज्याची त्याची निशाणी डकवलेली. ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. माय आत गेली, कागदाचे चार तुकडे केले अन् चारी पेट्यांत एकेक टाकला. बाहेर येऊन सगळ्या बायांना खुशीनं सांगितलं, "चौघांलेही देऊन आली वं." कारण चौघंही आमच्या ओट्यावर बसून पाणी पिऊन गेले होते. मी म्हटलं, माय, असं काहून केलं? तं म्हणे, "आपल्या घरचं पाणी पेलेली माणसं. एकाले द्या अन् तिघाईले नाई? त्याईनं काय घोडं मारलं?"

सगळे हसून हसून लोळले. गणूभाऊ नाही हसले. घास हातात धरून विचारलं, "कसा फाडला रं कागद? हुबा का आडवा?"

मला बरं वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझं कोणी ऐकलं.

१५ नोव्हें.

मायची गोष्ट पिक्चरमध्ये घेतली. मालक खूश. माझी झोप गेली.

पुढचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. गाव तिच्यावर किती हसलं ते. शेजारची सरूबाई तं विहिरीवर सगळ्यांसमोर म्हणायची, "आली वं पाव मतवाली!" मायनं बायांसोबत पाण्याला जाणं सोडलं. भर दुपारी एकटी जाते, विहीर रिकामी असते तेव्हा. मला म्हणाली होती, "मेली तरी मत द्यायले जाणार नाई आता." एक गाव हसलं तं ही गत. आता मुलूख हसणार.

गणूभाऊंना सगळं सांगून टाकलं. हात जोडले, तेवढं काढा म्हटलं. ते रंग पुसत होते. पुसता पुसता थांबले.

"तुझी आई येडी हाय का रं?"

"नाही."

"मग मी तिला येडी कशी करीन? हसतील लोक. हसायलाच येत्यात. पर हसून झाल्यावर त्यांचं काय करायचं ते माझ्याकडं लागलं. तू तुझी फळी नीट धर."

एवढ्या मोठ्या माणसानं मला, फळीवाल्याला, बसवून हे सांगितलं.

२० नोव्हें.

आज तो सीन. म्हातारीचं काम करायला साताऱ्याकडची बाई आणलेली. मालकांनी मला मुद्दाम पुढे बोलावलं, आई पदर कसा घेते ते दाखव म्हणाले. मी फडकं डोक्यावर घेऊन दाखवलं. कोणी हसलं नाही.

मग फळी धरली. बाईनं कागद फाडला अन् माझा हात थरथरला. तिच्या तोंडावर उजेड हलला. म्हटलं, मेलो. मालक म्हणाले, "राहू दे. तसंच राहू दे."

त्यापुढं गणूभाऊंनी काय केलं ते मी पाहिलं नाही. खाली मान घालून फळी पुसत बसलो.

पुणे, ३ जून १९५४

पिक्चर लागला. मी आता पुण्याच्या स्टुडिओत, सेट ठोकायला. निघताना गणूभाऊंनी आपला जुना कोट दिला. बाह्या लांब आहेत, पण ऊब आहे.

सगळे पाहून आले. लय हसलो म्हणतात. मी गेलो नाही. पाहिला तं मायसंगच पाहीन. नाहीतर नाहीच.

रिठद, ८ जानेवारी १९५५

घरी. मायनं भाजी-भाकर दिली, कोट पाहिला. "कोनाचा मारला?" म्हटलं, दिला एकानं. "देनाऱ्याचे हात तुह्याहून लांब दिसते."

अजून दुपारीच पाण्याला जाते.

शिरपूरला जत्रेत सिनेमाचा तंबू आलाय. तोच पिक्चर. गावातून गाड्या निघून राह्यल्या. सरूबाईपण जाणार.

९ जाने.

मायला सांगितलं. सगळं, कोट कोणाचा तेही. त्यात तुही गोष्ट हाये म्हटलं.

"माही? मले दाखवलं?"

"तुले नाई. तुह्यासारखी एक बाई."

"मंग हसले अशीन लोक."

"हसले."

बराच वेळ ज्वारी पाखडत राहिली. मग म्हणाली, "गावानं पाह्यलं मंग मीच काहून मांगं राहू? गाडीत जागा धर."

शिरपूर, १० जाने.

तंबूत बाया एकीकडे, माणसं एकीकडे, मधात कनात. हा विचारच केला नव्हता. माय पलीकडे, सरूबाई तिच्या शेजारी. तोंड दिसायची सोय नाही.

तो सीन आला. म्हातारीनं पेटीमागे जाऊन कागद फाडला. तिच्या तोंडावर उजेड हलला. माझा हात. सगळा तंबू हसला. कनातीपलीकडून बायांचं हसणं सगळ्यात मोठं. मी कोटाची बाही दातात धरली.

मग मोजणीचा सीन. छत्रीच्या पेटीत काही नाही, फक्त कागदाचा एक तुकडा. पाटील टाळ्या पिटतो, "पाव मत! सोंगाड्याला पाव मत!" गणूभाऊ हसवतील म्हणून लोक तयारच. ते उठतात, बाकी तिघांच्या पेट्यांतले तुकडे मागून घेतात, खळीनं जोडतात. कागद पुरा होतो. मग म्हणतात, "आमी चौघांनी तिच्या घरचं पानी पिलं. आमच्यातल्या कुनाला तिचं नाव ठावं हाय का?"

चौघंही एकमेकांकडे बघतात. बस.

तंबूत कोणी खोकलं नाही. कनातीपलीकडे बांगड्या वाजल्या, एवढंच.

गणूभाऊ, तुम्ही कुठं असाल तिथं सुखी राहा.

११ जाने.

काल परतताना गाडीत माय गप. सरूबाईही गप, नवलच. गाव दिसायला लागल्यावर सरूबाई मला म्हणाली, "वामन्या, तुह्या मायचा शिनेमा निंघाला, आमचा कधी काढतं?" माय तिच्याकडे न पाहता म्हणाली, "तुहा काढाले तू आधी गप बसाले शिक." गाडीत पहिल्यांदा हसू झालं.

आज सकाळी सरूबाई दारात घागर घेऊन उभी. "चालतं का वं?" माय म्हणाली, "थांब, चूल पाहू दे." चूल केव्हाची विझली होती. पण माय गेली नाही.

१२ जाने.

उद्या निघायचं, पुण्याला. मायनं ठेचा बांधून दिला, एक पुडी वेगळी. "हे कोटवाल्याले देजो. अन् सांगजो, इकडून गेला तं पानी पेऊन जाय म्हना."

मी म्हटलं, तो खरा निवडणुकीला उभा नाही ना माय, पिक्चरमधला आहे.

"मले समजते. पानी पेयाले उभंच राहा लागते का?"

मग घागर घासता घासता म्हणाली, "त्या शिनेमातल्या बाईनं कागद नीट फाडला नाई. दोन तुकडे लहान, दोन मोठे. म्या सारखे फाडले होते, घडी पाडून."

मी म्हटलं, हो.

"पुढच्या टायमाले पेट्या किती राहतीन रे?"

"काय माहीत. पाच राहतील, सहा राहतील."

घागर तशीच मांडीवर. कोळशानं काळ्या झालेल्या हाताची बोटं एकेक करून उघडून मोजत होती.